तुसातलं वळण

अमिरुन्निसाने त्र्याहत्तर वर्षांत बर्फ पाहिला होता तो दोनच रूपांत. लग्नाघरी सरबतासाठी गोणपाटात गुंडाळून आणलेली लादी, आणि फ्रिजमधल्या ट्रेतले चौकोन. तरी नोव्हेंबरातल्या एका दुपारी तिच्या मुलाच्या, रहीमच्या गॅरेजसमोर टेम्पोतून बर्फावर चालणारी गाडी उतरली, तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच जवळ गेली. पुढे दोन लांब, टोकाशी वर वळलेल्या पट्ट्या, मागे दातेरी रबराचा रुंद पट्टा, आणि मधोमध मोटारसायकलीची असावी तशी सीट.

"हिला चाकं नाहीत?" तिने विचारलं.

"नाहीत, दादी," आफरीन म्हणाली. "पुढच्या या दोन स्की. हँडल फिरवलं की त्या फिरतात. मागचा पट्टा ढकलतो."

"म्हणजे होडीच की."

"होडीच. फक्त पाण्याऐवजी बर्फ."

आफरीन तिची नात, रहीमची एकुलती एक. चोवीस वर्षांची, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. चार वर्षांची असताना तिची आई गेली, आणि तेव्हापासून ती दादीच्या कुशीत वाढली होती. शाळेतून आली की दप्तर दादीकडे आणि हात अब्बांच्या पान्यांकडे. पनवेलात गाडी बिघडली की लोक आता रहीमला नाही, त्याच्या पोरीला विचारत.

ही गाडी इंद्रजीतची. पनवेलचाच, रहीमचं जुनं गिऱ्हाईक. सहा वर्षांपूर्वी हिमाचलात गेला आणि तिकडेच रमला. बर्फाने वाट बंद झालेल्या गावांतून आजारी माणसांना खाली आणणारी एक छोटी संस्था त्याने काढली होती. ही गाडी परदेशातून जुनी घेतलेली, जासईच्या कंटेनर यार्डात उतरलेली. पण ती होती आखलेल्या वाटेवरची, दाबून पक्क्या केलेल्या बर्फावर धावणारी. ताज्या, कमरेएवढ्या बर्फात ती नाक खुपसून बसते, हे इंद्रजीतला गाडी घेऊन झाल्यावर कळलं.

"तू हिला खोल बर्फात चालती कर," तो फोनवर आफरीनला म्हणाला होता. "जमलं तर शुक्रवारच्या ट्रकबरोबर तूही ये. मार्चपर्यंत आमची मेकॅनिक म्हणून राहा. नाही जमलं, तर मी गाडी विकून टाकतो. मग मेकॅनिकचीही गरज नाही."

स्पीकर चालू होता. तांदूळ निवडता निवडता अमिरुन्निसाने ते सगळं ऐकलं. मार्चपर्यंत म्हणजे चार महिने. पण चार महिन्यांसाठी गेलेली माणसं तिने पाहिली होती. तिचा नवरा दोन वर्षांसाठी कुवेतला गेला आणि अकरा वर्षांनी आला. रहीम मिसरूड फुटताच गेला तो चौदा वर्षांनी, आफरीन तान्ही असताना परतला. या घरातून जो बाहेर पडला तो उशिरानेच परत आला.

ती खडे निवडत राहिली.

आता पनवेलात बर्फ आणायचा कुठून? ते कोडं आफरीननेच सोडवलं. तळोज्याच्या रस्त्याला काळूरामचं तुसाचं आवार आहे. कारखान्यांच्या बॉयलरांत जाळायला भाताचं तूस लागतं. काळूराम ते गिरण्यागिरण्यांतून उचलून आणतो, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये साठवतो. सुगी नुकतीच झालेली, शेड छपरापर्यंत भरलेली. आफरीनने तिथे पंधरा लिटरची बादली न दाबता भरली आणि काट्यावर ठेवली. दीड किलो. इंद्रजीतला विचारलं, तर तो हसत सुटला. त्याच्याकडच्या ताज्या बर्फाची बादलीही जवळजवळ तेवढीच भरत होती.

मंगळवारी गाडी तिकडे नेली. अमिरुन्निसा हट्टाने बरोबर गेली. काळूरामने तिला दारापाशी गोणींची बैठक करून दिली.

"चाची, आरामात बसा. पन रहीमशेठ, आमच्या तुसाला आग लागली तं? आमी कुनाकडं जायचा?"

"सायलेन्सरला ओली गोणपाटं बांधलीत, काळूराम. हवेच्या तोंडावर मच्छरदाणी लावलीय. आणि दोन मिनिटांच्या वर चालवायचीच नाही."

"तरी मी बादली घेऊन हुभा हाय. तुमची गाडी भिजली तं मना बोलू नका."

आफरीनने तयारी चोख केली होती. इंद्रजीतने खोक्यातून पाठवलेल्या रुंद स्की बसवल्या होत्या. मागच्या पट्ट्याचा पुढचा भाग वर आवळून धरणारी एक वादी असते, ती सैल केली होती, म्हणजे भार मागच्या पट्ट्यावर जातो आणि पुढच्या स्की हलक्या होतात. तिच्या अब्बांनीही आपली भर घातली होती. कुवेतच्या वाळवंटात चौदा वर्षं पिकअप दामटलेला माणूस तो. वाळूच्या टेकडीवर गाडी आडवी झाली की काय होतं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून कंपनीने स्कीच्या आतल्या अंगाला दिलेल्या छल्ल्यांच्या जोडीला लेथवर अडीच इंची छल्ले कातून त्याने दोन्ही स्की आणखी बाहेर सरकवल्या होत्या.

"पाय फाकले की गाडी पडत नाही," तो म्हणाला. "वाळूत मी हेच शिकलो."

गाडी सुरू झाली आणि तूस उडालं. पत्र्याच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यांत ते सोनेरी होऊन तरंगू लागलं, खाली यायचं विसरल्यासारखं. अमिरुन्निसा भान हरपून बघत राहिली. बर्फ पडतो तो असाच पडत असेल का? आवाज न करता, घाई न करता?

सरळ रेषेत गाडी छान चालली. नाक वर, मागचा पट्टा तुसावर तरंगता. शेडच्या टोकाला आफरीनने हँडल वळवलं, आणि गाडी वळायच्या ऐवजी तशीच पुढे घुसत गेली. मग बाहेरची स्की रुतली, नाक खाली गेलं, आणि आफरीन छातीपर्यंत तुसात.

"वळताना रुततेय," ती शिंका देत बाहेर आली. "हँडलचं ऐकतच नाही."

"आणखी एक इंच फाकवू," रहीम म्हणाला.

आणि त्याच क्षणी अमिरुन्निसाला दिसलं.

तिला दिसलं ते साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं. पनवेलात तेव्हा भाताच्या गिरण्या होत्या आणि एका गिरणीत तिचे अब्बा फिटर होते. ती त्यांचा डबा घेऊन जायची. गिरणीमागे खाडीच्या बाजूला तुसाचा डोंगर असायचा. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया त्या डोंगरावरून चालत जात आणि माथ्यावर टोपली पालथी करून वळत. सगळा डोंगर पायाखाली सरकतोय आणि बाया वरून तरंगत जाताहेत. एकदा ती त्यांच्या मागोमाग गेली, माथ्यावर वळायला गेली आणि गळ्यापर्यंत आत गेली. एका बाईने तिला वेणीला धरून बाहेर ओढलं. ती बाई पुढे कधी दिसली नाही, पण तिचा आवाज अमिरुन्निसाला अजून ऐकू यायचा.

"पोरी, पाय नको फाकवू गो. जवल जवल टाक. आन् जिकरं वलायचा हाय, तिकरं कंबर आदी जाऊ दे. पाय मागून येतान आपसुक."

समोरच्या गाडीचे पाय फाकलेले होते. आखाड्यात पैलवान उभा राहतो तशी ती उभी होती. अशी उभी राहिलेली वस्तू कमरेत वाकणार कशी? पक्क्या वाटेवर ठीक आहे, तिथे हँडल पुरतं. पण जिथे खाली धरायला काही नाही तिथे अंग कलवूनच वळावं लागतं.

एवढं सांगायचं होतं. दोन वाक्यं. अमिरुन्निसाने तोंड उघडलं, आणि ओढणीचं टोक तोंडावर धरून ती खोकली.

"तूस गेलं का घशात, दादी?"

"हो," ती म्हणाली. "पाणी दे."

बुधवारी रहीमने स्की आणखी इंचभर बाहेर काढल्या. गाडी आदल्या दिवसापेक्षा लवकर रुतली. आफरीनने स्प्रिंग बदलून पाहिली, वादी आणखी सैल केली, सीटवर मागे सरकून बसली. सरळ जाताना गाडी आता लोण्यातून सुरी जावी तशी जात होती, आणि वळणावर हमखास बुडत होती. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांत तूस होतं. अमिरुन्निसाने मोरीपाशी बसवून तिच्या डोक्यावर पाणी घातलं.

"दादी, मी सकाळी इंद्रजीतदादाला नाही म्हणून कळवते."

"इतक्यात?"

"तो दुसरी गाडी बघेल तरी. तिथे एक बाई आहे. सातव्या महिन्यात. गाव वर आहे. गेल्या वर्षी तशाच एकीला खाटेवर घालून चौघांनी खाली आणलं, अकरा तास लागले." तिने डोळे मिटून घेतले. "मला वाटलं होतं, मला जमेल."

ती रडत नव्हती. रडली असती तर अमिरुन्निसाला बरं वाटलं असतं, तिला गप्प करता आलं असतं. ती नुसती खाली वाकून बसली होती आणि तिच्या डोक्यावरून तूस वाहून मोरीच्या जाळीत साचत होतं. अमिरुन्निसाचा हात तिच्या मानेवर होता. चार वर्षांची होती तेव्हा ही मान एका मुठीत मावायची.

ती रात्रभर नीट झोपली नाही. पहाटेच्या नमाजनंतर डोळा लागला, आणि स्वप्नात एक पांढरा डोंगर आला. त्यावरून बाया टोपल्या घेऊन चालल्या होत्या. पायांचे ठसे एका रेघेत होते. शेवटच्या बाईच्या डोक्यावर टोपली नव्हती. तिच्या पाठीवर दुसरी एक बाई होती, आणि दोघींचा भार घेऊन ती हलकेच कलून वळत होती.

चहा पिताना अमिरुन्निसा म्हणाली, "फोन करू नकोस. आधी मला काळूरामकडे ने."

शेडमध्ये तिने बैठकीवर बसायला नकार दिला. काठी टेकत ती थेट गाडीपाशी गेली आणि काठीनेच स्कीवर टकटक केलं.

"रहीम, हे छल्ले काढ."

"अम्मा, ते काढले तर गाडी उलटेल."

"उलटू दे. तूस मऊ आहे. आणि कंपनीने आत जे छल्ले दिलेत ना, ते बाहेरच्या अंगाला घाल. पाय अजून जवळ यायला पाहिजेत."

"मी चौदा वर्षं वाळूत—"

"वाळू आणि तूस एक नाही. वाळू जड. तिच्यात तू बुडत नव्हतास, घसरत होतास." मग ती आफरीनकडे वळली. "आणि तू. वळताना हँडलवर जीव काढू नकोस. उभी राहा. ज्या बाजूला वळायचंय त्या बाजूच्या पायावर सगळा भार दे, गाडी कलू दे. इंजिनाचा जोर ना वाढव, ना सोड. कंबर आधी जाऊ दे."

आफरीन तिच्याकडे बघत राहिली. मग काही न विचारता पाना घेऊन खाली बसली. रहीम थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला, पुटपुटला आणि दुसऱ्या बाजूने बसला.

"चाचीचा गॅरेज कवा उघारला?" काळूराम बादली घेऊन म्हणाला.

पाऊण तास गेला. आता गाडी अरुंद दिसत होती, जराशी अवघडलेली, परक्या घरात आलेल्या पाहुण्यासारखी. आफरीनने ती सुरू केली. तूस उडालं. शेडच्या टोकाशी ती उभी राहिली, डावा पाय दाबला, आणि गाडी कलली.

"गेली!" रहीम ओरडला.

पण ती गेली नाही. एका अंगावर कलून, नाक वर ठेवून, तिने तुसात रुंद, सावकाश अर्धवर्तुळ काढलं आणि सोनेरी धुक्यातून परत त्यांच्याकडे तोंड करून आली. मग आफरीनने उजवा पाय दाबला. गाडी उजवीकडे वळली. थांबताना तिने ब्रेक दाबला नाही, तिला आपली आपण थांबू दिलं, आणि ती तुसावर तरंगतच थांबली. काळूराम हातातली बादली विसरला. पाणी त्याच्याच पायांवर सांडलं.

रहीमने सगळं मोबाइलवर घेतलं होतं; आफरीनने ते इंद्रजीतला पाठवलं. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं. वाचताना आफरीनचे ओठ हलत होते. मग तिने मोबाइल खिशात टाकला आणि कुणाकडेच पाहिलं नाही, दादीकडे तर नाहीच.

"अम्मा," रहीम म्हणाला, "हे तुला कधी सुचलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी? मग तेव्हाच का नाही बोललीस? पोर दोन दिवस तूस खातेय!"

अमिरुन्निसा गोणींवर बसली. गुडघे दुखत होते.

"तेव्हा बोलले असते, तर ती मंगळवारपासूनच गेलेली असती," ती म्हणाली. "अंगाने इथे, मनाने तिकडे. दोन दिवस मी ठेवून घेतले. चुकलं माझं."

वर अडकलेलं तूस अजून खाली येत होतं. आफरीन तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिच्या ओढणीवरचं तूस एकेक करून वेचू लागली. पुष्कळ होतं, आणि ती घाई करत नव्हती.

"दादी, मी गेले नाही तर?"

"मग त्या वरच्या बाईला काय मी आणू?" अमिरुन्निसाने तिचा हात बाजूला केला. "ऊठ. उद्या सकाळी ट्रक आहे आणि तुझ्याकडे धड एक स्वेटर नाही. बाजार बंद व्हायच्या आत जाऊ. आणि तुझ्या अब्बांचे ते छल्ले इथेच राहू देत. बरोबर नेलेस तर हा तिकडे फोन करकरून घालायला लावील."

"लावीनच," रहीम म्हणाला, आणि तोंड फिरवून ओल्या गोणपाटांच्या गाठी सोडू लागला.