वेलिन निवडली कुणी
घाटकोपरला श्रेयस कारखानीसने कंपनी काढली तेव्हापासून माधुरी तावडे त्याच्याबरोबर होती. कॉलेजात दोघं एकाच वर्गात होते. २०१३ साली त्यांना पहिलं मोठं काम मिळालं. बोरिवली ते दहिसर अशा नऊ पॅथॉलॉजी लॅब, मालकीण डॉक्टर सुनंदा गुप्ते. रक्ताचा नमुना घेतल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत सगळं या दोघांच्या सॉफ्टवेअरवर चालणार होतं.

श्रेयसने ते वेलिनमध्ये लिहायचं ठरवलं. वेलिन ही तेव्हा अगदी नवी प्रोग्रॅमिंगची भाषा. फिनलंडमधले चार जण मिळून ती बनवत होते, मागे कुठली कंपनी नव्हती.

"चारच माणसं आहेत रे," माधुरी म्हणाली. "त्यातल्या दोघांनी सोडलं तर आपण काय करायचं?"

"तू ना, कायम घाबरतेस. दुसऱ्यांना दोन वर्षं लागतील ते आपण आठ महिन्यांत देऊ."

तिने हेच मेलवरही लिहिलं. उत्तर आलं, निर्णय झालाय.

आठ महिन्यांत काम झालं हेही खरं. आणि लिहिता लिहिता माधुरीला ती भाषा आवडायला लागली. जिथे वीस ओळी लागायच्या तिथे पाच पुरत. चूक असली तर प्रोग्रॅम चालवण्याआधीच कळे. अडलं की ती त्या चौघांतल्या मिक्काला लिहायची आणि संध्याकाळपर्यंत त्याचं उत्तर यायचं. अकरा वर्षं ती दुसरं काही शिकली नाही, तशी वेळच आली नाही. श्रेयस केव्हाच फक्त मीटिंगा करायला लागला होता. कंपनीत वेलिन येणारी ती एकटी उरली.

तिकडे चौघं पांगले. एकाला मोठ्या कंपनीने उचललं, एकाने शाळेत नोकरी धरली, तिसरी आजारी पडली. २०२४च्या मार्चमध्ये मिक्काने सगळ्यांना कळवलं की एकट्याने आता जमत नाही, मी थांबतोय. त्याने माफीही मागितली होती. माधुरीने श्रेयसला ते वाचायला दिलं आणि सगळं दुसऱ्या भाषेत हलवायचा आराखडाही करून दिला.

"आत्ता चालतंय ना? मग चालू दे. दिवाळीनंतर बघू."

दिवाळीच्या आधीच गुप्ते मॅडमनी नऊही लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर बसवले. सॉफ्टवेअर उघडायचं आणि रिपोर्ट काढायला घेतला की बंद पडायचं. नव्या कॉम्प्युटरसाठी वेलिनमध्ये करायची दुरुस्ती मिक्काकडूनच यायची, आणि मिक्का थांबला होता. दोन दिवस रिपोर्ट अडकले. दहिसरच्या सुगंधा नाईक नावाच्या बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. रिपोर्टची वाट बघत त्या सकाळपासून दहिसरच्या लॅबमध्ये उपाशी बसल्या होत्या. माधुरी तेव्हा त्याच लॅबमध्ये होती. त्यांनी तिला एवढंच विचारलं, "मग आता जेवू का मी?"

तिसऱ्या दिवशी माधुरीने कुठून कुठून जुने कॉम्प्युटर मिळवून काम सुरू केलं. पुढच्या सोमवारी गुप्ते मॅडमनी दोघांना बोलावून घेतलं.

"जिला बघायला कुणी उरलेलं नाही अशी भाषा तुम्ही निवडलीत कशी?"

श्रेयसने माधुरीकडे पाहिलं नाही. "तांत्रिक निर्णय माधुरी घेते, मॅडम. मी तिच्यावर विश्वास ठेवला."

लॅपटॉप तिच्यासमोर उघडा होता. तो मेल शोधायला मिनिटही लागलं नसतं. पण निलेशची, तिच्या नवऱ्याची, नोकरी जाऊन चार महिने झाले होते आणि मुलगी गार्गी बारावीला होती. तिने लॅपटॉप मिटला.

"मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," मॅडम तिला म्हणाल्या.

खाली आल्यावर तिने विचारलं, "का केलंस असं?"

"काम गेलं असतं यार. चौदा माणसं आहेत आपल्याकडे. कुणीतरी अंगावर घ्यायला हवं होतं."

"मग तू का नाही घेतलंस?"

त्याने गाडीचं दार उघडलं. "बस, सोडतो."

ती रिक्षाने गेली.

त्यानंतर सात महिने तिने दोन नव्या मुलींना हाताशी धरून सगळं सॉफ्टवेअर सर्रास वापरात असलेल्या भाषेत पुन्हा लिहिलं. ती भाषा तिला रात्रंदिवस शिकावी लागली. त्या मुलींना ती आधीच येत होती. शेवटची लॅब नव्या सॉफ्टवेअरवर गेली त्याच आठवड्यात श्रेयसने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"गुप्ते मॅडमना तू या कामावर नकोयस. आणि दुसरं काम आपल्याकडे आहे कुठे? मी तुला चांगलं पत्र देतो."

चार ठिकाणी मुलाखती झाल्या. चारही ठिकाणी तिला वेलिन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, आणि ते सांगून होईपर्यंत समोरचा घड्याळाकडे बघायला लागलेला असायचा. पाचवी मुलाखत अंधेरीला होती. घेणारी ऋतिका तिशीचीही नसेल. तिने श्रेयसचं पत्र वाचलं होतं.

"यात लिहिलंय की भाषा निवडण्यात चूक झाली हे तुम्ही स्वतः मान्य केलंत, आणि सगळं निस्तरून दिल्यावरच कंपनी सोडलीत," ती म्हणाली. "आमच्याकडे चूक कुणी मान्यच करत नाही. तुमचाच निर्णय होता ना तो?"

ऋतिका मनापासून विचारत होती. माधुरीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "माझाच."

दोन दिवसांनी नोकरीचं पत्र आलं. पद तिच्या आधीच्या पदाहून दोन पायऱ्या खालचं होतं. निलेशने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "श्रेयसला फोन कर. त्याच्या पत्रामुळेच झालं हे." मीटिंगमध्ये काय झालं होतं ते तिने घरी कधी सांगितलंच नव्हतं.

तिने फोन लावला.

"थँक यू," ती म्हणाली.

"अगं, एवढं तर करायलाच हवं होतं," श्रेयस म्हणाला. त्याचा आवाज अगदी मोकळा होता. त्याला ते खरंच वाटत होतं.