ऐकवणी

"वाचून दाखवताना मान वर करायची नाही. ऐकणाऱ्याला रडायला आडोसा लागतो. तू खाली घातलेली मान, तोच त्याचा आडोसा."

सरांचे हे शब्द ताईच्या अंगात इतके मुरले होते, की चष्म्याच्या दुकानात काउंटरपलीकडे वर्गातली सुसाट हातात कागद घेऊन उभी राहिलेली दिसताच आधी तेच आठवले. फरक एवढाच, की या खेपेला ऐकणारी ताई होती.

"ताई, पाच मिनिटं काढा ना. ऐकवणी उरकून टाकू."

"गिऱ्हाईक आहे."

सुसाटने मागे वळून पाहिले. दुकानात चिटपाखरू नव्हते.

"येईल एवढ्यात," ताई म्हणाली, आणि लख्ख असलेली काच पुन्हा पुसायला लागली.

आतून भिंगे घासणाऱ्या मालकांचा आवाज आला, "अगं, ऐक की तिचं! तेवढ्यात मी बघतो दुकान."

"तुम्ही भिंगाकडे बघा मालक. परवा त्या मास्तरांना डावं उजवीकडे बसवून दिलंत. बिचारे जिन्याच्या पायऱ्या चाचपत उतरत होते."

सुसाटला हसू आले. ताईला नाही. "मग संध्याकाळी, वर्ग सुटल्यावर?" सुसाटने विचारले.

"बघते."

सुसाट गेली. ती जाते म्हणजे पळतेच. तिचे चालणे, बोलणे, टाइप करणे सगळे एकाच वेगाचे, म्हणून वर्गाने तिचे नाव सुसाट ठेवले होते. पोरगी ताईपेक्षा बरीच लहान, पण पदरात दोन वर्षांची लेक. नवरा दूर कामाला. लेकीचे नाव गोटी, कारण ती होतीच तशी, गोल आणि हातातून निसटणारी.

कॉलेज संध्याकाळचे होते. दिवसभर कुठे ना कुठे राबणाऱ्यांसाठीच ते चालवले होते. पत्रकारितेच्या वर्गात एक बसचा कंडक्टर होता, एक नर्स होती, आणि "घरात सून बोलू देत नाही, म्हणून लिहायला शिकतो" असे सांगणारे एक आजोबा होते. ताई वयाने मधली, पण तिला सगळे ताईच म्हणत. आजोबासुद्धा.

या वर्गाचे एक पाक्षिक निघे, आणि त्याचा एक जगावेगळा नियम होता. मागे एकदा कॉलेजच्या एका पहारेकऱ्याच्या मृत्युलेखात तो 'आजन्म अविवाहित' होता असे छापून आले. दुसऱ्या दिवशी त्याची बायको तिन्ही मुलांना घेऊन सरांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मग ही कुणाची, तेवढं छापा." तेव्हापासून सरांनी ठरवून टाकले, की गेलेल्या माणसावरचा मजकूर घरच्या माणसाने कानांनी ऐकल्याखेरीज छापायचा नाही. कागद हातात द्यायचाच नाही. दुःखातला माणूस वाचत नाही, नुसता अक्षरांवरून डोळे फिरवतो. समोर बसून मोठ्याने वाचायचे. वर्गात त्याला ऐकवणी म्हणत. आणि ताईसारखी ऐकवणी कुणाला जमत नसे. अनोळखी घरांत ती अलगद जाऊन बसे, मान खाली घाले, आणि ज्यांनी महिनाभर डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते ते तिच्यासमोर मोकळे होत.

आता तिच्याच आईवर लिहिले गेले होते. लिहिले होते सुसाटने.

आई कॉलेजचे पाळणाघर चालवायची; तिथे ती सगळ्यांची काकू. वर वर्गात बसलेल्या आयांची मुले खालच्या खोलीत तिच्याजवळ असत. ताईला या वर्गात तिनेच घातले होते. "मी खाली पोरं धरते, तू वर बसून शीक. म्हातारपणी मला पेपरात तुझं नाव दाखव." म्हातारपण काही आले नाही. उन्हाळ्यात ताप आला, साधाच म्हणता म्हणता आठवड्यात आई गेली, आणि पाळणाघराला कुलूप लागले.

रोज एक पान लिहायचे हा ताईचा नेम होता. कितीही दमली तरी तो तिने मोडला नव्हता. आई गेली आणि नेम मोडला. लिहायला बसली की 'माझी आई' एवढे शब्द कागदावर येत, आणि पुढचे सगळे शाळेतल्या निबंधासारखे वाटे.

हे एवढेच असते तरी तिने सोसले असते. पण शहरातले दैनिक दर वर्षी या वर्गातून एकाच जणाला उमेदवारीवर, शिकाऊ पत्रकार म्हणून, घेई, आणि ते पाक्षिकात छापून आलेल्या मजकुरावरून ठरे. ताईने पाण्याच्या फुटक्या नळांवर लिहिलेला लेख आधीच छापून आला होता. चांगला होता. सगळे म्हणाले, 'माहितीपूर्ण' आहे. सुसाटचा लेख अजून कुणी वाचला नव्हता, पण तो टाइप करताना नर्सने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिले होते, आणि काहीही न बोलता नाक पुसत बाहेर निघून गेली होती. ते ताईने पाहिले होते.

नाही म्हणायचीही गरज नव्हती. नुसता वेळ मिळाला नाही, की झाले. अंक निघून गेला असता, दैनिकाची मुदत टळली असती, आणि ताईच्या माथी काही आले नसते. ताई सकाळी देवापुढे हात जोडायची, डोळे मिटायची, आणि समोर सुसाट दिसायची. मग काय मागायचे ते सुचत नसे. जे मागावेसे वाटे ते देवाजवळ बोलण्यासारखे नव्हते.

कॉलेजच्या जिन्यात सरांनी तिला गाठले.

"ऐकलंस का?"

"वेळच मिळत नाही, सर. दुकानात गर्दी असते."

"परवा पान छपाईला जातंय."

"मग पुढच्या अंकात घ्या ना. आई काय, आता कुठे पळून जाणार आहे?"

बोलून गेल्यावर तिचीच जीभ तिला कडू लागली. सर कठड्याला टेकले. दम्यामुळे त्यांना बोलायच्या आधी थोडे थांबावे लागे.

"तू इतक्या घरी गेलीस," ते म्हणाले. "कुणी कधी तुला दारात ताटकळत ठेवलं?"

"नाही."

"बरं," एवढेच म्हणून ते वर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई पाळणाघर रिकामे करायला गेली. ऑफिसने किल्ली देऊन केव्हाचे सांगून ठेवले होते, की आईचे काही सामान असेल तर घेऊन जा. कुलूप उघडते न उघडते तोच मागून पावले वाजली. सुसाट. कडेवर गोटी.

"माग काढत आलीस?"

"पत्रकार आहे ना," सुसाट म्हणाली. मग घाईने म्हणाली, "ताई, खरं सांगू? तुम्ही नको म्हणालात तर मी फाडून टाकीन. पण नको तरी म्हणा. हे बघते, बघते नको."

गोटी कडेवरून घसरली आणि तडक आत गेली. खिडकीखालच्या बुटक्या खुर्चीसमोर थांबली. खुर्ची रिकामी होती. तिने खुर्चीच्या मागे पाहिले, कपाटाच्या बाजूला पाहिले, आणि सुसाटकडे वळून दोन्ही हात पसरले. नाही.

ताईने खुर्ची झटकली. "वाच," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली.

सुसाट सतरंजीवर बसली, मान खाली घातली आणि वाचू लागली. ताईला वाटले होते, गाडी सुटल्यासारखे वाचेल. पण ती हळू वाचत होती. वाक्य संपले की थांबत होती. हे थांबणे सरांनी शिकवलेले नव्हते. ते ताईने स्वतः हळूहळू साधले होते, आणि या पोरीने वर्गातल्या सरावात मागच्या बाकावर बसून ते उचलले होते. इथेही चोरी, ताईच्या मनात आले.

आणि लेख चांगला होता. हे सगळ्यात वाईट. कुठे रडगाणे नव्हते, कुठे थोरवी नव्हती. रडणाऱ्या मुलाला आई उचलून कशी घ्यायची ते होते. आधी त्याच्या शेजारी खाली बसायची, तो काय बघतोय ते बघायची, मग उचलायची. ताईने हे आयुष्यभर पाहिले होते आणि तिला कधी दिसले नव्हते.

मग ते आले. 'काकूंना अंगाई येत नव्हती. त्या जुनं वर्तमानपत्र चाल लावून म्हणायच्या. बाजारभाव चालायचे, हवामान चालायचं, पण पोरं सर्वांत लवकर झोपायची ती निविदा सूचनेवर.'

ही ताईची गोष्ट होती. बाकी काही नसले तरी ही एक तिची होती. लहानपणी उशाशी बसून आई 'कळविण्यात येते कीऽ' असे लांबवत म्हणायची, आणि अर्थ न कळता ताईला वाटायचे, की हे आपल्यासाठीच कुणी छापून पाठवले आहे. पुढे पेपरात जायचे वेड लागले ते त्यातूनच. आणि आईने ते या खोलीत कुणाच्याही पोराला वाटून टाकले होते. गोटीलासुद्धा.

लेख संपला. सुसाटने मान वर केली नाही.

"मी कुठे आहे?" ताईने विचारले.

"अं?"

"एवढं सगळं आहे. तिची खुर्ची आहे, तिचे दुखणारे गुडघे आहेत, फटाफट झोपणारी पोरं आहेत. तिला एक मुलगी होती. इथेच, वरच्या मजल्यावर बसायची. ती कुठेच नाही?"

गोटीने कपाटातून एक लाकडी ठोकळा मिळवला होता, तो ती फरशीवर आपटत होती.

"काकूंनीच सांगितलं होतं तसं," शेवटी सुसाट म्हणाली.

"काय सांगितलं होतं?"

"पाळणाघरावर लिहायचं म्हणून उन्हाळ्याआधी त्यांच्याशी बोलले होते, ते मोबाइलवर आहे. ऐकायचंय?"

सुसाटने मोबाइल सतरंजीवर ठेवला. आधी नुसता पोरांचा कालवा आला. मग त्यातून आईचा आवाज, थोडा दमलेला, कामात असतानाचा.

"…तिच्याबद्दल नको विचारूस गं. तिचं ती लिहील. तू घेतलंस तर तिला काय उरेल? तिला वेळ लागतो, तुझ्यासारखी नाही ती. पण लिहील. ए, ए! तोंडातून काढ ते आधी! काढ बघू! हं. काय म्हणत होते मी?"

"ताईंबद्दल," मोबाइलमधली सुसाट म्हणाली.

"हं. ते राहू दे."

आईचा आवाज ऐकून गोटी धावत आली, मोबाइलशेजारी बसली आणि त्याच्याकडे टक लावून पाहू लागली. सुसाट खालीच बघत होती. ताईला जो आडोसा हवा होता तो तिने नीट धरून ठेवला होता, आणि ताईने तो वापरला. किती वेळ, ते तिचे तिलाच ठाऊक नाही.

"एक वाक्य काढ," नाक पुसून ती म्हणाली. आवाज दुकानातल्यासारखा कोरडा निघाला. "शेवटचं. 'काकू आता शांत झोपल्या आहेत.' ती कधी झोपायची नाही. पोरं झोपली की दुपटी धुवायला घ्यायची."

सुसाटने तिथल्या तिथे ओळ खोडली.

"आणि हा आवाज मला पाठव."

"पाठवते. ताई…"

"आता आभार मानू नकोस. मला ते सोसायचं नाही."

अंक निघाला. आजोबांनी तो लेख सुनेला वाचून दाखवला, आणि ती मधे एकदाही बोलली नाही, असे त्यांनी वर्गात येऊन अभिमानाने सांगितले. त्याच आठवड्यात दैनिकातून बोलावणे आले. शनिवारी सकाळी मुलाखत. सुसाटला.

ताईने आनंद दाखवला. चांगला दाखवला, कंडक्टरला तर खरा वाटला. पण घरी येऊन ताटावर बसली तर घास उतरेना. आईने आपल्यासाठी जागा राखली होती हे समजले होते, पण जागा राखलेली असली की पोट भरते असे थोडेच आहे? मनात जळते ते जळतेच. आता फक्त त्याला नाव देता येत होते.

शुक्रवारी सुसाट जिन्यात भेटली. पहिल्यांदाच उभी होती, पळत नव्हती.

"शेजारीण गावाला गेलीय," ती म्हणाली. "आणि पाळणाघर तर… मी फोन करून दुसरा दिवस मागून घेते."

"देणार नाहीत."

"माहितीये."

ताई कठड्यावरच्या धुळीत बोटाने रेघ ओढत राहिली. काही न बोलता वर निघून जाता आले असते. पायसुद्धा उचलला होता.

"आठ वाजता येते तुझ्याकडे," ती म्हणाली. "गोटीला मी बघते."

"पण तुमचं दुकान?"

"मालक डाव्याला उजवं लावतील. लावू देत एक दिवस."

शनिवारी ताई नेहमीपेक्षा लवकर उठली. देवापुढे उभी राहिली. डोळे मिटले, तर आजही सुसाटच आली. मुलाखतीसाठी केस बांधून, घाईत, एका पायात चप्पल. ताईने तिला घालवले नाही. काही मागितलेही नाही.

मग तिने आरशासमोर उभे राहून केस घट्ट आवरले. कानांत लोंबते डूल होते. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी घालायचे म्हणून घेतलेले, आणि काल संध्याकाळी उगीचच घालून पाहिलेले. लहान मुले हाताशी लागेल ते ओढतात. तिने एकेक डूल काढला, डबीत ठेवला, नखे बारीक आहेत ना ते पाहिले, आणि दार आवाज न करता ओढून घेऊन जिना उतरू लागली.