आमेन होईपर्यंत

मी नायलाला इन्सुलिन दिलं तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वेळ मी पेनाने मनगटावर लिहिली. शहराच्या पाण्याचे नमुने तपासणं हे माझं काम, त्यातून लागलेली ही सवय. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला मधुमेह असल्याचं कळून नऊच आठवडे झाले होते. दंडावरच्या सेन्सरला विम्याची मंजुरी अजून यायची होती, तोवर बोट टोचूनच साखर बघायची. डॉक्टरांचा नियम साधा होता: सुई दिल्यापासून पंधरा मिनिटांत जेवण.

जेवण समोर मांडलेलं होतं. मेकन शहरातल्या तळ्याकाठच्या पार्कमध्ये दर जुलैत आमचं मॅकक्रेरी घराणं जमतं. शेडखाली चौऱ्याऐंशी माणसं, सगळ्यांच्या अंगात एकाच नारिंगी रंगाचे टी-शर्ट. तळलेलं चिकन, चीज घातलेली मॅकरोनी, पीचची गोड पेस्ट्री. ट्रेवरची झाकणं निघालेली बघूनच मी सुई टोचली होती.

मग ओथेलमामांनी टोपी काढली. ते माझ्या आईचे थोरले भाऊ, चर्चमध्ये प्रार्थना सांगणारे डीकन, वय एक्क्याऐंशी.

"मामा, जरा आटोपतं घ्या हं," माझी मावसबहीण ट्रेसी म्हणाली. "मॅकरोनीचा दगड होतो."

"देवाला घाई नाहीये, ट्रेसी. तुझ्या पोटाला आहे."

सगळे हसले. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले, डोळे मिटले. नायलाचा हात माझ्या डाव्या हातात होता. तिला आधी दोन घास देऊ का, असं मनात आलं होतं; पण आमच्याकडे प्रार्थनेआधी कुणी खात नाही, आणि मामांना मध्येच कुणी थांबवत नाही. गेल्या वर्षी त्यांना आठ मिनिटं लागली होती. मी हिशेब केला आणि गप्प राहिले.

गेल्या वर्षी माझी आई जिवंत होती, हे मी हिशेबात धरलं नाही.

मामा तिच्याबद्दल बोलत राहिले. मग म्हणाले, "यंदा ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांनी दोन्ही हात वर करा." मी केले. रडले. हात खाली घेऊन डावीकडे चाचपलं, तर एक छोटा, घामट हात माझ्या हातात आला. तो मी घट्ट धरला आणि आमेन होईपर्यंत सोडला नाही.

डोळे उघडले तेव्हा एक वाजून दोन मिनिटं झाली होती. माझ्या हातात ट्रेसीच्या मुलीचा, कियाचा हात होता.

"नायला कुठाय, किया?"

"ती गेली."

"कधी?"

"तू रडत होतीस तेव्हा. मी बोलणार होते. पण डोळे मिटलेले असताना बोलायचं नसतं ना."

एक पाच. ऊन छत्तीस अंशांचं. उन्हात इन्सुलिन लवकर चढतं. मी तिच्या औषधांची पिशवी उचलली आणि पळत सुटले.

कारंज्यांच्या फरशीवर पन्नास मुलं भिजत होती. त्यात नारिंगी सात. एकही माझी नाही. छोट्या आगगाडीच्या रांगेत नाही. लाकडी घोड्यांच्या चक्रावर नाही. मी ते थांबवायला लावलं, लोक माझ्यावर ओरडले. फाटकावरच्या पहारेकरीण बाईंना सांगितलं.

"कपडे काय आहेत अंगावर?"

"नारिंगी टी-शर्ट."

त्यांनी माझ्या टी-शर्टकडे बघितलं, मग शेडकडे. "बाई, दुसरं काहीतरी सांगा."

"वेण्यांना पांढरे मणी. गप्प बसलेली असेल. तिला औषध दिलंय, खायला मिळालं नाही तर ती बेशुद्ध पडेल. आकडी येईल. समजतंय का तुम्हाला?"

त्यांनी कर्ण्यावर घोषणा केली. लोकांनी भराभर नारिंगी पोरं पकडून आणली. तीन आली. तिसरी माझ्या मामेभावाची, जोरजोरात रडत होती. तिला ओढून आणणारा माणूस विजयी चेहऱ्याने म्हणाला, "ही घ्या तुमची!"

एक सतरा. ट्रेसी तळ्याच्या कठड्यावरून वाकून पाण्यात बघत होती. मी तिकडे बघायचं टाळलं.

सगळेजण मौजेच्या जागा धुंडाळत होते. मी एका जागी उभी राहिले आणि स्वतःला विचार करायला लावलं. साखर उतरलेलं मूल मौज शोधत नाही. त्याला घाम येतो, भोवंडतं, झोप येते. ते गारवा आणि अंधार शोधतं.

पार्कच्या प्राणिसंग्रहालयात सापांचं घर आहे. आत दिवे मंद, एसी चालू. भिंतीला टेकून नायला बसली होती, मान कलंडलेली. माणसं तिला वळसा घालून पुढे जात होती. एक बाई आपल्या मुलाला सांगत होती, "बघ, हट्ट केला की असं होतं."

"नायला!"

तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. अंग ओलं, थंड. मी बोट टोचलं. साखर अडतीस; ती सत्तरच्या खाली जाता कामा नये. ट्यूब दातांनी उघडून मी साखरेची जेल तिच्या गालाच्या आतून चोळली, गळा चोळला. "गीळ. गीळ गं. आईसाठी गीळ." तिने गिळलं. पुन्हा जेल, पुन्हा गिळणं. मग पंधरा मिनिटं थांबायचं असतं. त्या वेळात करण्यासारखं काहीही नसतं.

ट्रेसी आली. तिच्यामागून मामा आले आणि गुडघ्यांची पर्वा न करता फरशीवर बसले.

"रेनी, तू मला थांबवलं का नाहीस?"

"तुम्हाला कोण थांबवणार, मामा?"

"तू," ते म्हणाले. "तू थांबवायचं होतंस. मी रागावलो असतो. रागावू द्यायचं होतंस."

त्यांचं बरोबर होतं.

पंधराव्या मिनिटाला एकाहत्तर. नायलाने माझ्याकडे पाहिलं, या वेळी ओळखून. ट्रेसीने चिकन आणि पाव आणला होता. नायलाने दोन घास खाल्ले, मग आणखी दोन. पहारेकरीण बाईंनी बोलावलेली रुग्णवाहिका फाटकातून आत येत असल्याचा आवाज आला. मी पुन्हा टोचलं. चौऱ्याण्णव.

पाच मिनिटांनी मी बोट टोचायची सुई पुन्हा काढली.

"आई, पुरे ना," ती म्हणाली. "या बोटाला दुखतं."

"दुसरं दे," मी म्हणाले.