झांजेवरची टकटक

त्याचे कान तुमच्या प्रेसने घेतले, साहेब, आणि चोरीचा आळ तुम्ही त्याच्या कॅसेटवर घातलात.

पत्रा कापायच्या मोठ्या प्रेसवर तो लग्नाआधीपासून उभा होता. कानात घालायला बोळे मागितले की स्टोअरवाला म्हणायचा, सासऱ्याने दिलेली गादी फोड आणि कापूस आण. सगळे हसायचे. तोही हसायचा.

घरी आला की थ्रॅश मेटल नावाच्या सुसाट, कर्कश परदेशी संगीताचा एक जुना अल्बम लावायचा. बायको म्हणायची, कारखान्यात पोट भरलं नाही वाटतं. पण त्याच्या लेखी तो गोंगाट नव्हताच. ऐकायची रीत त्याला थोरल्या भावाने घालून दिली होती: एका वेळी एकच वाद्य, बाकीची मेली असं समजायचं. आज नुसते ड्रम, उद्या नुसता बेस, परवा डाव्या बाजूची गिटार. असं ऐकल्यावर कळलं, गिटारवाला तळव्याने तारा दाबून प्रत्येक फटका जागच्या जागी तोडतो, त्या वेगातही एक सांडत नाही. सगळे सुसाट सुटलेले असताना ड्रमवाला दोन्ही पायांनी त्यांची जमीन धरून ठेवतो. आणि चौथ्या गाण्यात वेग एकदम उतरतो, तिथे तोच राक्षस झांजेच्या मधल्या उंचवट्यावर काठीच्या टोकाने टकटक करतो. एवढ्या आगीत एवढा हलका हात! त्या टकटकीवर याचा जीव होता.

एका रविवारी टकटक आलीच नाही. टेप झिजली असेल म्हणून त्याने भावाची कॅसेट आणली. तिच्यातही नाही. बायकोला हाक मारली. ती ओल्या हातांनी येऊन उभी राहिली, ऐकलं, म्हणाली, "वाजतंय की. पत्र्यावर थेंब पडल्यासारखं."

त्याने टेप मागे नेऊन कान स्पीकरला लावला. तरी नाही.

उरलेलं ऐकणं तरी वाचावं म्हणून त्याने पॅकिंगमध्ये बदली मागितली. तुम्ही कंपनीच्या डॉक्टरला शेजारी बसवून त्याला बोलावलंत. यापेक्षा पक्का पुरावा कुठला, असं वाटून हा शहाणा टेपरेकॉर्डर आणि बायकोला घेऊन आला. टकटक आली की ती बोट वर करायची. तो सांगायचा, हे मला ऐकू येत नाही. डॉक्टरने विचारलं, घरी आवाज किती ठेवता? ऐकूच येत नाही म्हणून आता पूर्ण ठेवतो, असं तो खरं बोलला. तिथेच फसला. गाण्यांनी कान गेले म्हणालात आणि परत प्रेसवर धाडलंत.

आता गिटारच्या कडाही बोथट झाल्यात. बायको शेजारी बसून टकटक त्याच्या मनगटावर वाजवते. ड्रमवाल्याच्या हाताशी तिचा मेळ बसत नाही, मागे पडते, पुन्हा धरते. तो डोळे मिटून घेतो.

काल तो तुमच्या केबिनमध्ये शिरला. बसा म्हणालात, ते त्याला कळलं नाही. उभ्यानेच बोलला.

"माझ्यासोबत प्रेसवर आणखी तिघं आहेत. हाक मारली तर वळत नाहीत. हे गाणं त्यांनी जन्मात ऐकलेलं नाही, एकाच्या घरी तर रेडिओसुद्धा नाही. त्यांचे कान कुठल्या गाण्यानं गेले, साहेब?"

तुमचे ओठ हलले.

"उत्तर द्या," तो म्हणाला. "आणि जरा मोठ्यानं द्या."