पाणी पी, मग बोल

मोठ्या शहरात चाललेलं नाटक आमच्या चौकातल्या सिनेमागृहात थेट पडद्यावर दाखवणार होते, आणि त्या नाटकात आमची धाकटी होती. मुख्य भूमिकेत! अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं. सांगणारे अर्थातच आमचे हे. यांच्या पोटात काही राहील तर शपथ.

माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. मागे एकदा पोरगी भर रंगमंचावर वाक्य विसरली, पडदा पाडावा लागला, आणि घरी येऊन ती खोलीचं दार लावून बसली. कितीतरी महिने! ‘पुन्हा तसं झालं तर नाटक सोडलं समज,’ असं तिने मला बजावलं होतं.

म्हणून या वेळी तालीम मीच घेतली. मी शिलाई मशीनवर, फोन बाजूला मोठ्या आवाजात, आणि ती तिकडे शहरातल्या तिच्या खोलीत. नाटकातल्या बापाची वाक्यं मी म्हणायची, मुलीची तिने. बाह्यांना अस्तर लावता लावता अख्खं नाटक मला तोंडपाठ झालं. ती अडखळून भराभरा बोलायला लागली की मी ओरडायचे, “थांब. पाणी पी. मग बोल.”

नाटक सुरू झालं. पडद्यावर पोरीचा चेहरा एवढा मोठा, की लहानपणी पडून झालेला कपाळावरचा व्रणसुद्धा दिसत होता. पहिला अंक झकास झाला. मध्यंतरात यांनी लाह्यांचा अख्खा पुडा फस्त केला. मी मनातल्या मनात दुसरा अंक म्हणत होते.

मग शेवटचा प्रसंग आला. म्हातारा बाप विचारतो, “चाव्या कुणाकडे देऊन चाललीस?” त्यावर तिने म्हणायचं, “कुणाकडेच नाही. दार उघडं ठेवून चाललेय.”

ती गप्प.

लोकांना वाटलं, काय अभिनय! पण मी आई आहे, तिचे डोळे मला कळतात. गेलं, वाक्य गेलं! काय झालं कुणास ठाऊक, मी ताडकन उठले आणि पडद्याकडे बघून ओरडले, “कुणाकडेच नाही! दार उघडं ठेवून चाललेय!”

सगळे वळून बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, “अहो बाई, तिकडे ऐकू जात नाही!” हे हात धरून मला खाली ओढत होते. “अगं बस, लाज काढलीस!”

तेवढ्यात पडद्यावर पोरीने हात वर केला.

“थांबा, बाबा,” ती म्हणाली. “पाणी पिते. मग बोलते.”

हे नाटकात नाही. कुठेच नाही! तिने टेबलावरचा पेला उचलला, सावकाश पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि शांतपणे ते वाक्य म्हणाली. मी मटकन खाली बसले. सुटले गं बाई! हसू की रडू तेच कळेना, दोन्ही केलं.

बाहेर पडताना शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ यांना म्हणाले, “ते पाणी पिण्याचं वाक्य काय लिहिलंय हो! कोण लेखक?” यांनी तोंड उघडायच्या आत मी चिमटा काढला.

घरी पोचतोय तोच फोन वाजला.

“आई, विसरले होते गं.”

“दिसलं मला.”

“रविवारी पुन्हा प्रयोग आहे. तालीम घेशील ना?”

मी फोन कानाला धरूनच माठाकडे वळले.

“घेते,” म्हटलं. “थांब, आधी मला पाणी पिऊ दे.”