टेकडीवरचा निळा डाग

या टेकडीवर पृथ्वी माणसावरची आपली पकड सैल करते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. विज्ञानाला मात्र कुणी कळवले नव्हते.

रविवारी मंडपाबाहेरची रांग थेट रस्त्यापर्यंत. आत शिरताना एका तराजूवर वजन, भारहारी महाराजांसमोर तासभर बसून बाहेर पडताना दुसऱ्या तराजूवर. प्रत्येकाचं पाच-सहा किलोंनी कमी! लोक डोळे पुसत, पोटावरून हात फिरवत बाहेर येत.

महाराजांच्या मागे चौकटीत एक रंगीत नकाशा, आणि टेकडीच्या जागी निळा डाग.

"यंत्र लावून मोजलंय, बाळांनो! निळ्यात पृथ्वी ओढत नाही. उतरतं ते पाप. बाहेर गेलात की पुन्हा चढतं."

म्हणून माणसं दर रविवारी येत. घरचे वजनकाटे पापाला सामील, ते दाराशी अर्पण करायचे. तिथे ढीग झाला होता.

त्या ढिगात माझ्या ताईचाही काटा होता. भावोजींचं हृदय अशक्त, अंगात पाणी साठतं. डॉक्टरांनी बजावलेलं: रोज वजन करा, अडुसष्टच्या वर दोन किलो गेलं की धावत या. ताईने काट्यावर अडुसष्टपाशी नेलपॉलिशची लाल रेघ ओढली होती. आता काटा दाराशी, आणि पाणी काढणाऱ्या गोळ्या महिनाभर बंद.

"दर वेळी सहा किलो उतरतात," भावोजी धापा टाकत म्हणाले. सुजलेले पाय चपलांत मावेनात, म्हणून त्या हातात धरलेल्या. "चार रविवारांत चोवीस!"

"म्हणजे चव्वेचाळीस उरलात."

"तू नेहमी वाकड्यातच शिर."

"गप्प बस रे," ताई मला म्हणाली. "बोलताना दम लागतो त्यांना."

इतक्यात जागोजागी पृथ्वीची ओढ मोजत फिरणाऱ्या एक मोजणीवाल्या बाई जड पेटी सावरत आल्या. पेटीतल्या यंत्राची स्प्रिंग हळूहळू ढिली पडते, म्हणून जुन्या खुणेवर परत येऊन मोजावं लागतं. त्यांची खूण याच टेकडीवर होती. भिंतीवर त्यांना स्वतःचाच नकाशा दिसला.

"हा मी काढलाय. खाली कित्येक किलोमीटर जाड ग्रॅनाइट आहे, भोवतालच्या खडकापेक्षा हलका. म्हणून इथे ओढ किंचित कमी. त्यावरून जमिनीच्या पोटातली रचना कळते. पाप कळत नाही."

"ऐकलंत? शास्त्र शरण आलं!" महाराज गरजले.

"पण हा तराजू आहे, महाराज. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात वजनं. पृथ्वी इथे माणसाला कमी ओढत असेल, तर वजनांनाही कमीच ओढणार. मग तराजूला कळलं कसं?"

"लोखंड निष्पाप असतं, माई."

"माझी स्प्रिंगही निष्पापच आहे."

त्यांनी येतानाच्या तराजूवरचं वीस किलोचं वजन उचलून खडकांचे नमुने तोलायच्या आपल्या स्प्रिंगच्या काट्याला अडकवलं. साडेअठरा. उलटं केलं. तळाशी मेण, मेणामागे पोकळी. जातानाच्या तराजूवरची वजनं भरीव, चोख वीस.

"येताना पोकळ वजनं, म्हणून माणूस जड दिसतो. जाताना खरी."

सगळ्यांत आधी ताईला कळलं. "म्हणजे... जातानाचा आकडा खरा?"

गेल्या रविवारची चिठ्ठी भावोजींच्या खिशात होती: येताना ब्याऐंशी, जाताना शहात्तर. दोन्ही आकडे डोळ्यांसमोर. त्यांनी वाचली फक्त वजाबाकी. ताईने ढीग उपसून लाल रेघेचा काटा काढला आणि नवऱ्याला त्यावर उभं केलं. सत्त्याहत्तर.

"गाडी बोलाव," एवढंच ती म्हणाली.

महाराजांना त्याच क्षणी मागच्या दाराने समाधी लागली.

दवाखान्यात भावोजींच्या अंगातून नऊ दिवसांत नऊ किलो पाणी काढावं लागलं. आणखी चार दिवस उशीर झाला असता तर ते काढायची गरजच उरली नसती, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा चमत्काराला हात जोडण्याआधी एवढंच करा: दोन्ही वेळा त्याच वजनांनी तोलायला सांगा. नकार मिळाला की घरी जा आणि गोळी घ्या.

मी मोजणीवाल्या बाईंना फोन केला. त्या निळ्या डागात भावोजींचं वजन खरंच किती कमी होतं?

"तीन ग्रॅम."

ताईच्या पर्समध्ये पाणी काढणाऱ्या गोळ्यांची न फोडलेली पट्टी होती. नर्सने ती औषधांच्या काट्यावर ठेवली. तीन ग्रॅम.