कौशल्याबाईंची लाकडी नळी

"किती येळ कान लावून बसलीय ही! सूनबाईच्या पोटात काय रेडू वाजतोय व्हय?"

दाराशी उभ्या असलेल्या सोजराबाई पुटपुटल्या. त्यांना वाटलं, कुणाला ऐकू गेलं नाही. पण मी ऐकलं. ऐकणं हाच माझा धंदा आहे, मित्रांनो. मी एक जुनी लाकडी नळी आहे. माझं पसरट तोंड गर्भारणीच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला नर्सबाईंनी कान लावायचा, आणि आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकायचे.

दिसायला मी काही देखणी नाही. पुण्यातल्या एका काताऱ्याने शिसवीच्या ओंडक्यातून मला उतरवलं. त्याच ओंडक्यातून आधी दोन लाटणी निघाली होती. त्या माझ्या थोरल्या बहिणी. त्या पोळ्या लाटायला गेल्या, मी बाळंतिणींच्या वाटेला आले.

कौशल्याबाईंनी मला विकत घेतलं. तरुणपणी कपाळ पांढरं झालेली बाई, पुण्यात नर्सिंग शिकली आणि चाकणच्या वाटेवरच्या एका खेड्यात, नव्या दवाखान्यात रुजू झाली. मी त्यांच्या पिशवीत, कातरीच्या शेजारी. सुरुवातीला बायका हसायच्या. मग एकेकीला कौशल्याबाईंनी माझं टोक कानाला लावून दिलं. लांबून तांगा दौडत यावा तशी आतली टकटक ऐकून एक आजीबाई तर ओरडल्याच, "अगं बया, ह्यो तर आत्ताच पळाया लागला!" तेव्हापासून मला मान मिळू लागला. हळदीकुंकवाच्या बोटांनी माझी कड अजून जराशी पिवळी आहे.

शालन ही सोजराबाईंची सून. पहिलटकरीण. तिचा नवरा भिमाजी पिंपरीला नव्या कारखान्यात कामाला, रविवारी सायकल मारत घरी यायचा. चैत्र सरत आला होता. पडवीत कांद्याचा ढीग, वर पत्रा तापलेला, आणि शालनचं पोट इतकं उतरलेलं की तिला मांडी घालता येईना.

"कितवा महिना?" कौशल्याबाईंनी विचारलं.

सोजराबाई बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. "आखाड, सरावण, भादवा..."

"थांबा. यंदा भाद्रपद दोनदा आला होता. अधिक महिना धरलात का?"

"धोंड्याचा म्हैना कोन धरतं, बाई? त्यात ना लगीन लागत, ना वास्तुक व्हत."

"लग्न लागत नसेल हो. पण पोटातलं पोर महिनाभर वाढायचं थांबतं का?"

सोजराबाईंना हे बोलणं झोंबलं. त्यांनी सहा बाळंतपणं अशीच मोजली होती, आणि त्या सगळ्यांत धोंडा कधी मध्ये आला नव्हता. "आखितीच्या आत काय व्हत न्हाई," त्या ठामपणे म्हणाल्या. अक्षय तृतीयेला अजून अवकाश होता. कौशल्याबाईंच्या हिशोबाने दिवस पाडव्यालाच भरले होते.

त्या शालनजवळ बसल्या. "हे बघ बाळ, गर्भपिशवीच्या तोंडाशी बोट फिरवून बाळाभोवतीचा पडदा मी जरासा सुटा करते. दुखेल. थोडं रक्त दिसेल, त्याला घाबरायचं नाही. यानं कळा लवकर सुरू व्हायचा संभव वाढतो. होतीलच असं मी सांगत नाही."

"न्हाई झाल्या तर?"

"तर पुण्याला, मोठ्या दवाखान्यात. मग थांबायचं नाही."

शालनने पदर दातात धरला आणि मान हलवली. काम झाल्यावर बाईंनी मला पुन्हा पोटावर टेकवलं. तांगा छान दौडत होता.

मित्रांनो, या उपायाने कळा आलेल्या बायका मी पाहिल्यात. दुसऱ्याच दिवशी तोंड गोड करायला बोलावणं यायचं. काहींना मात्र काहीच व्हायचं नाही. शालनला काहीच झालं नाही.

रविवारी कौशल्याबाई पुन्हा गेल्या. ठोके होते, पण तांग्याचा घोडा दमल्यासारखा वाटत होता. "आजच निघा," त्या म्हणाल्या. "चाकणहून कांद्याचा ट्रक पुण्याला जातोय, मी बोलून ठेवलंय. मीही येते सोबत."

"बोट घालून काय झालं?" सोजराबाई फणकारल्या. "तुमचाच उपाय तिला लागू पडंना, आन आता म्हंता पुण्याला चला. तितं काय, पोट फाडत्यात! भिमा, तू काय म्हंतोस?"

भिमाजीने आईकडे बघितलं, नर्सबाईंकडे बघितलं, आणि मग अंगणात जाऊन सायकलची साखळी तपासू लागला. साखळीला काही झालेलं नव्हतं. शालन भिंतीला टेकून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कुणी विचारलंच नाही. ट्रक गेला.

आखितीच्या अलीकडेच कळा सुरू झाल्या. बोलावणं आलं. कौशल्याबाईंनी मला बेंबीखाली टेकवलं. मग डावीकडे. मग उजवीकडे. मग पुन्हा खाली. मित्रांनो, तशी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती.

"पाणी तापवा," एवढंच बाई म्हणाल्या.

"ओव्याची धुरी बी करते," सोजराबाई म्हणाल्या. "पाळण्याची दोरी कुटं ठिवली, बगाया पायजे." त्या कितीतरी वेळ दोरीबद्दलच बोलत होत्या.

मुलगा झाला. चांगला लांबरुंद. नखं बोटांच्या पुढे आलेली, अंगाची कातडी सुकून सोलवटलेली. रडला नाही. निरोप मिळून पिंपरीहून आलेल्या भिमाजीने धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्याला नदीकडे नेलं.

मग गावात बोलणं सुरू झालं, की नर्सबाईच्या बोटानं पोर गेलं. सोजराबाईंनी ते पसरवलं नाही, पण खोडलंही नाही. बाई दवाखान्यात नुसत्या बसून राहू लागल्या. माझी पिशवी खुंटीला लटकली, माझ्या पोकळीत एका कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं. ज्या पोकळीतून बाळं ऐकू यायची, तिथे ती!

आज मी एका कपाटात पडून आहे. माझी काळजी घ्या, असं मागणं माझं नाही. मी लाकूड आहे, टिकेन. तुमच्या घरात कुणी गर्भारशी असली, तर तिचे दिवस मोजताना एकही महिना गाळू नका. आणि ती स्वतः काय सांगते, ते ऐका. त्याला नळी लागत नाही.

आता उरलेलं सांगते. पोर गेल्यावर आठवडाभराने कौशल्याबाई माझी पिशवी घेऊन शालनला बघायला गेल्या. तिची छाती दुधाने दगडासारखी झाली होती. दारात शेजारच्या मंजुळाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांची लेक माहेरी आली होती, तिचेही दिवस भरून वर गेले होते.

"माज्या लेकीला न्हाई बोट लावू द्यायची," मंजुळाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "एक पोर गेलं तेवडं बास झालं."

कौशल्याबाई हात धूत होत्या, त्या धूतच राहिल्या. सोजराबाई खाली मान घालून कांद्याची पात तोडत होत्या. भिमाजी उंबऱ्यावर होता.

शालन हातावर भार देऊन उठून बसली.

"मावशी, बोटानं न्हाई गेलं त्ये. बाई पुण्याला न्या म्हनल्या त्या दिशी माज्या पोटात लाथा मारत व्हतं. जितं व्हतं. आमी नेलं न्हाई. आमी मारलं त्याला."